खेळाचं दुकान काढताय? आधी खुर्च्या मोजा

दुकान उघडल्यावर पहिले चार महिने मी एकही सामना पुरता खेळले नाही. तिसऱ्या-चौथ्या चालीला कुणीतरी काउंटरवर येऊन स्लीव्ह (पत्त्यावर चढवायची प्लास्टिकची पिशवी) मागायचं, मी हातातले पत्ते उपडे ठेवून उठायचे, आणि परत येईपर्यंत समोरचा दुसऱ्या कुणाबरोबर बसलेला असायचा. हे आधीच सांगते, कारण सल्ला विचारायला येणाऱ्या बहुतेकांचं कारण एकच असतं: ‘मला खेळायला फार आवडतं.’ तेवढंच कारण असेल तर गिऱ्हाईक राहा, सुखात राहाल. दुसरे खेळत असताना ज्याला बघत बसवतं आणि रात्री सगळे गेल्यावर खुर्च्या उचलायचा कंटाळा येत नाही, त्यानं दुकान काढावं.

हा लेख अशा दुकानाबद्दल आहे जिथे कार्डगेम, बोर्डगेम, मिनिएचर (खेळातले छोटे पुतळे), फासे, रंग वगैरे विकले जातात आणि त्याच छपराखाली बसून खेळायची सोय असते. परवान्यांची नावं देशागणिक बदलतील. खुर्चीचा हिशोब मात्र कुठेही गेलात तरी तोच.

1. टेबल आपलं भाडं कसं फेडणार, ते लिहून काढा

जागा बघायच्या आधी हे करा. मी उलटं केलं आणि वर्षभर भोगलं.

समजा एकूण जागा 1000 चौरस फूट आहे. त्यातली 600 खेळायला दिली आणि तिथे 24 खुर्च्या मांडल्या. म्हणजे भाड्याचे 60 टक्के त्या खुर्च्यांच्या डोक्यावर. रोज सहा तास, महिन्याचे 26 दिवस दुकान उघडं धरलं तर 24 गुणिले 6 गुणिले 26, म्हणजे 3744 खुर्ची-तास होतात. आठवड्यातल्या दुपारी रिकाम्या जातात, शनिवारी बसायला जागा नसते. सगळं मिळून चौथा हिस्सा भरला तरी सुरुवातीला बरं म्हणायचं. याचा अर्थ बसलेला प्रत्येक माणूस आपल्या खुर्चीशिवाय आणखी तीन रिकाम्या खुर्च्यांचं भाडं भरत असतो. आता तो ते कशातून भरणार?

इथे खेळाखेळांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मॅजिक द गॅदरिंग या कार्डगेमचा ड्राफ्ट घ्या, म्हणजे तिथेच पाकिटं फोडून, त्यातून पत्ते निवडून डेक (खेळायचा गठ्ठा) बांधायचा आणि खेळायचं. आठ जण बसतात, प्रत्येकी तीन बूस्टर (पत्त्यांची बंद पाकिटं), म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच 24 पाकिटं विकली गेलेली असतात. तीन-चार तासांत टेबल मोकळं. मॅजिकचाच कमांडर हा प्रकार खेळणारे चौघे आपापले 100 पत्त्यांचे डेक घरून घेऊन येतात, चार तास मजेत बसतात आणि त्या संध्याकाळी बऱ्याचदा काहीच घेत नाहीत. पण पुढच्या महिन्यात एकेक सुटा पत्ता शोधत येतात ते हेच. वॉरहॅमर 40,000 या पुतळ्यांच्या युद्धखेळाचा 2000 पॉइंटांचा (पॉइंट म्हणजे सेनेच्या आकाराचं माप) सामना किमान 44 बाय 60 इंचांची जागा अडवतो, खेळतात फक्त दोघे, आणि तीन तास सहज जातात. त्या टेबलाचं भाडं त्या दिवशी निघत नाही. आधी घेतलेली सेना, रंग, ब्रश, प्रायमर यांतून निघतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन गोष्ट रंगवायच्या खेळाचा सहा जणांचा कंपू दर आठवड्याला चार तास येतो. एक पुस्तक सहा जणांत चालतं आणि फाशांचा संच वर्षानुवर्षं टिकतो. या मंडळींकडून टेबलाचे पैसे वेगळे घेतले नाहीत तर दुकानदार त्यांची मोफत धर्मशाळा चालवतो.

टेबलाचे पैसे घ्यायच्या पद्धती ढोबळमानानं चार: तासाचे पैसे, महिन्याची वर्गणी, किमान खरेदीची अट, आणि प्रवेशाचे पैसे घेऊन तेवढ्याच किमतीचं दुकानातलं कूपन देणं. मी चारही करून पाहिल्या. कूपनाची पद्धत टिकली. गिऱ्हाइकाला फुकट बसल्यासारखं वाटतं आणि माल हलतो. तासाच्या पैशांत मी सगळा वेळ घड्याळ बघत असे आणि खेळणारे माझ्याकडे. पद्धत कुठलीही घ्या, पहिल्या दिवसापासून लावा. वर्षभर फुकट दिलेल्या खुर्चीला पुढे पैसे मागितले की तुम्ही लोभी ठरता.

2. जागा बघायला फूटपट्टी घेऊन जा

कार्डगेमची चटई साधारण 24 बाय 14 इंचांची असते. समोरासमोर दोन ठेवल्या की 28 इंच. म्हणून 30 इंच रुंदीचं टेबल लागतं. 24 इंची टेबल स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका, चटया एकमेकींवर चढतात. सहा फुटी टेबलाच्या एका बाजूला कागदावर तीन चटया बसतात, पण कोपराला कोपर लागतं आणि डेक, फासे, पाण्याची बाटली ठेवायला जागा उरत नाही. त्यामुळे सहा फुटी टेबलावर दोन सामने, म्हणजे चार माणसं.

आता खुर्च्या. टेबलाच्या दोन्ही बाजूंना खुर्ची आणि मागून माणूस जाईल एवढी वाट म्हणून अडीच-अडीच फूट धरा, टोकाला तीन फुटांचा रस्ता धरा. हिशोब माणशी 17 चौरस फुटांच्या आसपास येतो. खांब, दाराची उघडझाप, शेल्फ आणि कोपऱ्यात साठणारी रिकामी खोकी धरली की 20 ते 25. तीन फुटांचा रस्ता काटकसर म्हणून कमी करू नका. व्हीलचेअरला तेवढी वाट लागतेच, आणि भरल्या संध्याकाळी पाठीवर मोठी बॅग घेतलेला माणूस वळला तर अख्खी मांडणी जमिनीवर येते.

जागा ठरवताना हे तिथेच तपासा:

- स्वच्छतागृह आतच आहे का? चार-पाच तास बसणाऱ्या माणसांना ‘बाहेर, गल्लीच्या टोकाला’ चालत नाही.
- हवा खेळते का? 24 माणसं बंद खोलीत तीन तास बसली की काय होतं, हे लिहायची गरज नाही. नवीन गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. एग्झॉस्टवर खर्च करा, उदबत्तीवर नको.
- उजेड कुठून पडतो? डोक्यावर नागडा दिवा असेल तर स्लीव्ह आणि चकचकीत फॉइल पत्ते चमकतात आणि समोरच्याला नाव वाचता येत नाही. पसरट, झाकलेले दिवे लागतात.
- वर आणि शेजारी कोण राहतं? फाशांचा आवाज, खुर्च्यांची फरफट आणि नेमका आकडा पडल्यावरची आरोळी रात्री दहाला कशी ऐकू जाते, ते मी वरच्या मजल्यावरच्या आजींच्या तोंडून ऐकलंय.
- बस, रेल्वे किंवा पार्किंग रात्री उशिरा मिळतं का?

रस्त्यावरची, काचेची दर्शनी जागा हवीच असं नाही. सवयीचे खेळाडू पहिल्या मजल्यावरही येतात. पण भेटवस्तू शोधणारे, मुलांना घेऊन येणारे आईबाप जिना चढत नाहीत, आणि बोर्डगेमचा खप बराचसा त्यांच्यावर असतो. तुमचा भर कुणावर आहे, त्यावर हे ठरेल. पहिल्यांदा काढणाऱ्यानं मोठा हॉल मात्र टाळावा. नाकापेक्षा मोती जड झालेली दुकानं मी जवळून पाहिली आहेत. पलीकडचा गाळा पुढे घेता येईल अशी लहान जागा बरी.

3. कागदपत्रं

नावं तुमच्याकडे वेगळी असतील, पण बहुतेक ठिकाणी एवढं लागतं:

- व्यवसायाची नोंदणी आणि करनोंदणी
- भाडेकरार, आणि जागामालकाची लेखी संमती, ज्यात ‘किरकोळ विक्री व बैठे खेळ, अमुक इतकी माणसं’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल
- अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र आणि एका वेळी किती माणसं बसू शकतात याची मंजुरी
- विमा: मालाचा, आगीचा, चोरीचा आणि गिऱ्हाइकाला इजा झाल्यास भरपाईचा, असे चारही
- खाद्यपदार्थ विकणार असाल तर त्याचा परवाना
- गाणी लावणार असाल तर सार्वजनिक वादनाचा परवाना
- जुना माल विकत घेणार असाल तर त्यासाठीची नोंद किंवा परवाना, जिथे तशी अट आहे तिथे

यातली दुसरी ओळ पुन्हा वाचा. माझ्या पहिल्या करारात फक्त ‘दुकान’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या महिन्यात मालकानं ‘इथे क्लब चालतो’ म्हणून हरकत घेतली आणि मी ऐन हंगामात दोन आठवडे मागचा भाग बंद ठेवून नवा मसुदा करत बसले. तोंडी ‘हो हो, खेळा की’ याला काही किंमत नाही.

आणखी एक खाच. प्रवेश फी घेऊन रोख बक्षीस देणं काही ठिकाणी जुगाराच्या व्याख्येत बसू शकतं. स्थानिक वकिलाला एकदा विचारा आणि रोख बक्षीस टाळाच. दुकानातलं कूपन किंवा बूस्टर हेच बक्षीस ठेवा. पैसाही दुकानातच राहतो.

4. खेळतं भांडवल

आपल्याकडे रोजच्या व्यवहाराच्या पैशाला खेळतं भांडवल म्हणतात. या धंद्यात तो शब्द अगदी चपखल बसतो, कारण पैसा खेळला नाही की दुकान खेळत नाही.

सगळे जण फर्निचर आणि पहिल्या मालाचा अंदाज काढतात आणि तिथेच थांबतात. त्यावर किमान सहा महिन्यांचं भाडं, वीज, पगार आणि हप्ते बाजूला हवेत. कारण असं की कार्डगेमच्या नव्या संचाची मागणी आधीच नोंदवावी लागते. माल येतो तेव्हा एकरकमी पैसे द्यावे लागतात आणि विक्री पहिल्या दोन आठवड्यांत झाली नाही तर पुढचा संच दारात उभा असतो. हातात पैसा नसेल तर चालणारा माल कमी मागवावा लागतो, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि गाडं रुतत जातं.

उधारी बंद. पहिल्या दिवसापासून, मित्रांनाही. मी एक वही ठेवली होती. तिच्यातली शेवटची नोंद अजून वसूल व्हायची आहे, आणि तो माणूस आता यायचा बंद झालाय. पैसेही गेले आणि गिऱ्हाईकही.

5. माल भरताना

पहिल्या मालाची यादी करताना हात आपोआप स्वतःच्या आवडीकडे जातो. माझ्या शेल्फवर तीन तासांचे, चाळीस पानी नियमांचे खेळ होते, जे मला वाटायचं प्रत्येकानं खेळावेत. ते अजून आहेत.

कार्डगेमच्या बंद पाकिटांवर नफा पातळ असतो, कारण ऑनलाइन विक्रेते घाऊक भावाला लागून विकतात. पण तीच पाकिटं माणसाला दारात आणतात. नफ्याचा वाटा बराचसा आजूबाजूच्या मालातून येतो: स्लीव्ह, डेकच्या पेट्या, चटया, फासे, रंग, ब्रश. त्यातही स्लीव्हचं माप चुकवू नका. मॅजिक आणि पोकेमॉनचा पत्ता 63 बाय 88 मिलिमीटर, यु-गी-ओचा 59 बाय 86. मोठ्या स्लीव्हमध्ये छोटा पत्ता डुगडुगतो आणि छोट्यात मोठा जात नाही. बोर्डगेमच्या पत्त्यांची मापं तर आणखी डझनभर. दोन मुख्य मापं भरपूर ठेवा, बाकीची मागणीवर आणा.

पडून राहिलेल्या मालाचं सगळ्यात मोठं कारण नवी आवृत्ती. वॉरहॅमर 40,000 च्या आवृत्त्या बघा: आठवी 2017 मध्ये, नववी 2020 मध्ये, दहावी 2023 मध्ये. दर तीन वर्षांनी नियमांची जुनी पुस्तकं रद्दीच्या भावाला येतात. पुतळे चालत राहतात. म्हणून आवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी पुस्तकं एकेकच मागवायची. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 पासून चालू आहे, पण 2024 मध्ये खेळाडूंच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती आली तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या प्रतींचा ढीग होता त्यांनी तो सवलतीत काढला.

बोर्डगेमचं गणित वेगळं. इथे गिऱ्हाइकाला नाव माहीत नसतं. जर्मनीत 1979 पासून दिला जाणारा ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार अशा वेळी कामाला येतो. खोक्यावरचं त्याचं चिन्ह दाखवलं की निम्मं बोलणं वाचतं. कतान (1995), टिकट टू राइड (2004), कोडनेम्स (2016), अझुल (2018) हे त्यातले विजेते कायम एखाददुसरा नग शेल्फवर असावेत. पन्नास वेगवेगळे खेळ एकेक ठेवण्यापेक्षा पंधरा ठेवा, पण ते पंधराही तुम्हाला आणि हाताखालच्या माणसाला दोन मिनिटांत समजावता आले पाहिजेत. मी नव्या मदतनिसाची परीक्षा अशीच घेते: डोळे मिटून एक खोकं उचल आणि आठवीतल्या मुलाला सांगतोयस असं सांग.

खेळून बघायला ठेवलेल्या प्रतींमधले तुकडे हरवतात. कतानमध्ये एकट्या साधनसामग्रीचे 95 पत्ते असतात, रोज कोण मोजणार? माझी युक्ती अशी: नवं खोकं उघडल्यावर सगळा ऐवज लहान वजनकाट्यावर ठेवायचा, वजन झाकणाच्या आत लिहायचं आणि परत घेताना पुन्हा वजन करायचं. एखादा पत्ता सुटेल, पण मूठभर लाकडी घरं गायब असतील तर काटा लगेच बोलतो.

6. घाऊक व्यापारी आणि कंपन्यांच्या योजना

एकाच घाऊक व्यापाऱ्यावर विसंबू नका, कितीही गोड बोलला तरी. अमेरिकेत डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्यूटर्सनं 2025 च्या जानेवारीत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. खेळांची घाऊक विक्री करणारी अलायन्स गेम डिस्ट्रिब्यूटर्स त्यांचीच शाखा होती. ज्यांचं दुसरीकडे खातं नव्हतं त्यांची झोप उडाली असणार. दोन खाती तरी उघडा आणि दोन्हीकडे थोडा-थोडा माल घेत राहा. टंचाईच्या वेळी माल जुन्या गिऱ्हाइकाला आधी मिळतो.

खेळ बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या दुकान-योजना असतात. मॅजिकसाठी विझार्ड्स प्ले नेटवर्क, पोकेमॉनसाठी प्ले पोकेमॉन, यु-गी-ओसाठी कोनामीची अधिकृत टूर्नामेंट स्टोअर योजना. यांत नाव असेल तरच अधिकृत स्पर्धा घेता येतात, बक्षिसाचे खास पत्ते मिळतात आणि मॅजिकचा प्रीरिलीज, म्हणजे संच बाजारात यायच्या साधारण आठवडाभर आधीची स्पर्धा, घेता येतो. हा प्रीरिलीज चांगल्या दुकानांचा सणच. या योजनांत नाव घालायला लोकांसाठी उघडी असलेली खरी जागा आहे, हे दाखवावं लागतं. घरून किंवा गोदामातून धंदा चालवणाऱ्याला घेत नाहीत. बाहेरचे-आतले फोटो आणि नोंदणीचे कागद हाताशी ठेवा. फोटो काढायच्या आधी पाटी लावा आणि माल मांडा, रिकाम्या गाळ्याचे फोटो पाठवून मी एक महिना गमावला.

7. सुटे पत्ते: विकत घेताना

सुट्या पत्त्यांची खरेदी-विक्री हा दुकानाचा सगळ्यात नफ्याचा आणि सगळ्यात निसरडा भाग. सुरुवातीचे तीन महिने करू नका, असं माझं मत आहे. आधी भाव अंगवळणी पडू द्या.

मग सुरू केलंत तर तीन नियम. रोख देताना बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास, कूपन घेणाऱ्याला थोडं जास्त. हे कागदावर छापून काउंटरवर लावा, म्हणजे घासाघीस होत नाही. दुसरं, विकणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्राचा तपशील वहीत. पत्ते खोचून ठेवायच्या चोरीच्या वह्या फार फिरतात आणि आज विकायला आलेल्या पत्त्यांचा खरा मालक उद्या त्याच दारातून आत येतो. अल्पवयीन असेल तर पालकांशिवाय घ्यायचंच नाही.

तिसरं, बनावट ओळखणं. दागिन्यांचं भिंग घ्या. अस्सल मॅजिक पत्त्याच्या पाठीवरच्या हिरव्या ठिपक्यात भिंगातून बघितलं तर चार बारीक लाल ठिपके इंग्रजी एल अक्षरासारखे मांडलेले दिसतात. बनावटीत ते बहुधा पुसट, विस्कटलेले किंवा नसतातच. छपाईचे रंगीत कण कसे पडलेत तेही शेजारी अस्सल पत्ता ठेवून बघा. महाग पत्ता घेताना रांग थांबली तरी चालेल, भिंग बाजूला ठेवू नका.

आणि घेतलेले पत्ते दाबून ठेवू नका. 1995 मध्ये मॅजिकच्या क्रॉनिकल्स नावाच्या संचात जुने पत्ते पुन्हा छापले गेले, साठवणाऱ्यांच्या पत्त्यांचे भाव पडले, ओरड झाली आणि 1996 मध्ये कंपनीनं काही पत्ते पुन्हा न छापण्याची यादी जाहीर केली. त्या यादीबाहेरचा कुठलाही पत्ता कधीही पुन्हा छापला जाऊ शकतो. दुकानदारानं घ्यावं, विकावं, पुढे जावं. साठवणूक हा वेगळा धंदा आहे.

8. वेळापत्रक आणि स्पर्धा

प्रत्येक वाराला एक खेळ. वार ठरला की तो बदलायचा नाही, तीनच माणसं आली तरी. मॅजिकवाल्यांनी 2000 सालापासून शुक्रवार पकडून ठेवलाय, त्याचा फायदा आयता घ्या. नवशिक्यांसाठी आठवड्यात एक संध्याकाळ राखून ठेवा आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः टेबलाशी बसा.

स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीनं होते. कुणी बाद होत नाही, दर फेरीत सारखे गुण असलेले एकमेकांसमोर येतात. बुद्धिबळात 1895 मध्ये झ्युरिकला ती पहिल्यांदा वापरली गेली. फेऱ्यांचा अंदाज सोपा आहे: 8 जणांपर्यंत 3, 16 पर्यंत 4, 32 पर्यंत 5, 64 पर्यंत 6. मॅजिकची फेरी 50 मिनिटांची, वर निकाल आणि जोड्या लावायला दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे 17 वा माणूस दारात आला की तुमची रात्र तासाभरानं लांबते. नोंदणी किती वाजता बंद होणार ते आधी जाहीर करा आणि पाळा. माझी पहिली मोठी स्पर्धा 33 जणांची झाली. त्या तेहतिसाव्याला नाही म्हणवलं नाही, सहावी फेरी लागली आणि शेवटच्या गाडीला मुकलेल्या चौघांना मी घरी सोडलं.

बक्षिसं मोठी ठेवली की गर्दी जमते. असतील शिते तर जमतील भुते. पण ती मंडळी बक्षिसापुरती येतात, जिंकतात, कूपन मोडतात आणि पुढच्या दुकानात जातात. बक्षीस वरच्या दोघांत वाटण्यापेक्षा खालपर्यंत पोचवा. सगळे सामने हरलेल्या मुलालाही एक पाकीट मिळालं तर तो पुढच्या आठवड्यात येतो.

9. खोलीचे नियम

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, पाच-सहा ओळींत. तेलकट खाणं टेबलावर नाही. दुसऱ्याच्या वहीला विचारल्याशिवाय हात नाही. आपापसातले सौदे दुकानात रोखीनं नाहीत. शिवीगाळ, टोमणे, अंगचटीला येणं नाही. ठरलेल्या वयाखालच्या मुलाबरोबर पालक हवेत, कारण दुकान म्हणजे पाळणाघर नव्हे. बूस्टर काउंटरच्या मागे, आणि कॅमेरे गल्ल्याबरोबर टेबलांवरही.

पाटी लावणं सोपं, पाळायला लावणं अवघड. आमच्याकडे एक जण होता, महिन्याला सगळ्यात जास्त खरेदी करणारा. नवख्याची चूक झाली की मोठ्यानं हसायचा, मुली खेळायला बसल्या की ‘तुम्हाला नियम सांगू का’ म्हणून मागे उभा राहायचा. त्याच्या खरेदीकडे बघून मी सात महिने गप्प बसले. शेवटी त्याला येऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा पुढच्या दोन महिन्यांत गल्ला खाली आला आणि मग वर चढला. न येणारी माणसं हिशोबात दिसत नाहीत, म्हणून इतका उशीर झाला. तुम्ही दोनदा समज द्या आणि तिसऱ्यांदा दार दाखवा.

10. उघडायच्या आधी रंगीत तालीम

उद्घाटनाची जाहिरात करण्याच्या आठवडाभर आधी ओळखीचे सोळा जण बोलवा आणि पूर्ण चार फेऱ्यांची स्पर्धा घ्या, खरी प्रवेश फी घेऊन. फीचं कूपन द्या, म्हणजे कूपनाची नोंद जमते का तेही कळेल. तुम्ही स्वतः खेळायचं नाही. एक वही घेऊन फिरा आणि लिहा: रांग कुठे लागली, कुणाची खुर्ची कुणाला लागली, कुठल्या टेबलावर चमक येते, किती जणांनी चार्जिंगची जागा विचारली, स्वच्छतागृहाची कडी कितव्या माणसाला अडकली. एखाद्याला खोटं भांडण काढायला सांगा आणि मदतनीस काय करतो ते बघा.

शेवटचा माणूस बाहेर पडल्यापासून शटर खाली येईपर्यंत किती वेळ लागला तो वेगळा लिहा. खुर्च्या, केर, गल्ला मोजणं, खेळांची खोकी वजन करून परत ठेवणं, सगळं धरून. आम्हाला पहिल्या रात्री एक तास दहा मिनिटं लागली होती. वेळापत्रकात बंद होण्याची वेळ छापताना तुमचा तो आकडा आधी वजा करा.